धसक्याला इंग्रजीत काय म्हणतात

आई नागपूरहून आमच्याकडे अमेरिकेत पार्सिपनीला आली होती तेव्हाची गोष्ट. एका रविवारी दुपारी इंडियन ग्रोसरीतून बाहेर पडून मी गाडीच्या डिकीत पिशव्या ठेवत होते. आई कार्ट जागेवर लावायला गेली होती. तिची किंकाळी ऐकून वळले, तर एक तरुण पळत होता आणि आई डांबरावर पडली होती. गळ्यातली चेन गेली होती, उजवं मनगट मोडलं होतं.

तो आठवड्याभरात पकडला गेला. माझा नवरा म्हणाला, "जाऊ दे ना यार आता. कोर्टाच्या फेऱ्या, त्यात आपण व्हिसावर. आईंना कशाला त्रास?"

आई प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "त्रास व्हायचा तो होऊन गेला, जावईबापू. आता त्याला विचारणारं कोणी आहे का नाही, ते पाहू द्या."

विचारणारं होतं. काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, सरकारी वकिलांच्या ऑफिसातून एका बाईंचा फोन आला. गुन्ह्याची झळ बसलेल्या माणसांसाठी त्या ऑफिसात वेगळे लोक असतात, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. त्यांनी समजावून सांगितलं, की खटला सरकार चालवणार, आम्हाला वकील करायची गरज नाही. "माझं काम एवढंच, की तुमच्या आईला यातून एकटीनं जावं लागू नये." व्हिसाचं मी चाचरत विचारलं, तर म्हणाल्या, तक्रार करणं हा काही गुन्हा नाही. तरी मनात शंका असेल, तर इमिग्रेशनच्या वकिलाशी गाठ घालून देते.

आईनं उभी नोकरी वीज मंडळाच्या ऑफिसात तक्रारीच्या टेबलावर काढलेली. माणूस टोलवतोय की काम करतोय, हे तिला आवाजावरून कळतं. दोन-तीन फोन झाल्यावर तिनं निकाल दिला, "ही बाई सांगते तेव्हा फोन करते. कामाची आहे."

आणि बाई खरंच कामाच्या होत्या. पुढची तारीख पडली की आम्हाला आधी त्यांच्याकडून कळायचं. आईच्या हॉस्पिटलच्या खर्चासाठी कुठे अर्ज करायचा, ते त्यांनी सांगितलं. पण मला त्याहून मोठी वाटली ती दुसरीच गोष्ट. आई घरात दाराकडे पाठ करून बसेनाशी झाली होती. बेल वाजली की हातातलं भांडं खाली ठेवायची. मी सहज बोलले, तर त्यांनी समुपदेशनाची सोय करून दिली. पहिल्या दिवशी आई कुरकुरतच गेली. नंतर मात्र स्वतःच आठवण करून द्यायची, "आज माझं आहे ना ते, बोलायचं?"

चेन ओढणाऱ्या त्या मुलानं गुन्हा कबूल केला. शिक्षा सुनावण्याआधी आईला वाटलं तर ती न्यायाधीशांसमोर बोलू शकते, लिहून दिलं तरी चालेल, नागपूरहून व्हिडिओवर बोललं तरी चालेल, असं बाईंनी सांगितलं. आईनं परतीचं तिकीटच पुढे ढकललं.

"त्याच्यासमोर बोलीन," ती म्हणाली.

कोर्टात घरच्या माणसानं भाषांतर केलेलं चालत नाही. बाई म्हणाल्या, हिंदीचा दुभाषी लगेच मिळेल. मी आईला विचारलं. तिची हिंदी माझ्यापेक्षा चांगली आहे.

"हिंदीत मी भाजी घेते," आई म्हणाली. "हे मी मराठीतच सांगीन."

मला संकोच वाटला, पण बाईंना काहीच वाटलं नाही. त्यांनी शोधाशोध करून दुसऱ्या राज्यातला एक मराठी दुभाषी मिळवला. तो स्क्रीनवरून बोलणार होता. सुनावणीच्या आधी एकदा त्यांनी आम्हाला रिकामं कोर्ट दाखवून आणलं, कोण कुठे बसतं ते सांगितलं. सुनावणीच्या दिवशी त्या मुलाशी आमनेसामने यायला नको, म्हणून वेगळ्या खोलीत बसवलं, आणि नाव पुकारल्यावर आईच्या शेजारून चालत आत आल्या.

आई उभी राहिली. मनगट अजून वळत नाही, पोळी लाटता येत नाही, हे तिनं सांगितलं. मग म्हणाली, "आणि मला धसका बसला आहे."

दुभाषी इंग्रजीत म्हणाला, शॉक बसला.

"नाही भाऊ," आईनं त्याला थांबवलं. एवढं इंग्रजी तिला कळतं. "शॉक बसतो आणि जातो. वीज मंडळात होते मी. धसका जात नाही."

न्यायाधीशांनी काय झालं ते विचारलं. दुभाष्यानं खुलासा केला, क्षणभर विचार केला, आणि मग सावकाश म्हणाला, की ही एक भीती आहे, जी आत येऊन बसली आहे आणि उठायला तयार नाही.

आईनं मान हलवली. "हां. हे बरोबर आहे."

तेव्हा त्या मुलानं पहिल्यांदा मान वर केली. बोलायची पाळी आली तेव्हा तो आईकडे वळून सॉरी म्हणाला. मी आईच्या चेहऱ्याकडे पाहत होते. ती रडली नाही, हसलीही नाही. ऐकून घेतलं आणि खाली बसली. त्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली. बाहेर आल्यावर मी विचारलं, "माफ केलंस का गं?"

"ते पाहू पुढे. आधी मला भूक लागून राहिली आहे."

आता आई नागपूरला आहे. तो सुटला की आम्हाला कळवायचं, अशी नोंद बाईंनी तेव्हाच करून ठेवली होती. गेल्या महिन्यात तसा निरोप आला. मी घाबरत घाबरत आईला फोन केला.

तिनं निरोप पुन्हा एकदा वाचायला लावला. मग म्हणाली, "कामाला लागला का कुठे?"

"ते नाही सांगत ते."

"विचार ना मग. एवढं सांगतात, तर तेही सांगतील."