बाबांना पळवायचं की नाही

अँजिओप्लास्टीनंतर डॉक्टरांनी बाबांना टेनिस खेळायची परवानगी दिली, ती एका अटीवर. दमलात की आपण होऊन थांबायचं. बाबांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली आणि आईने कपाळाला हात लावला. सुरुवात डबल्सने करा, असंही डॉक्टर म्हणाले होते. बाबांनी रविवार सकाळचं कोर्ट घेतलं ते सिंगल्ससाठी, आणि समोर मी.

टेनिसचं हे वेड त्यांनीच मला लावलं. स्वारगेटजवळच्या आमच्या दोन खोल्यांत फायनल असली की ताटं टीव्हीसमोर यायची, आणि मॅच पॉइंटला कुणी नुसतं पाणी मागितलं तरी बाबा डोळे वटारायचे. आमचा दोघांचा देव एकच, एका हाताने बॅकहँड मारणारा. तो निवृत्त झाला तेव्हा मी खराडीच्या ऑफिसात वॉशरूममध्ये जाऊन रडले. बाबांनी फोन करून एवढंच विचारलं, "आता बघायचं कोणाला?"

तर रविवारी आई कोर्टाबाहेरच्या बाकावर बसली. जिभेखाली ठेवायची गोळी तिने पर्समध्येही ठेवली नव्हती, मुठीत धरली होती. "हळू हं," ती म्हणाली. त्यांना नाही, मला.

मी हळूच खेळत होते. प्रत्येक बॉल अलगद त्यांच्या पुढ्यात नेऊन टाकत होते आणि ते परत मारेपर्यंत माझाच श्वास अडकत होता. मग एक बॉल त्यांनी सोडला. हाताच्या अंतरावरून गेला, तरी रॅकेट हलवली नाही. पुढचाही तसाच जाऊ दिला. मी धावत नेटपाशी गेले.

"काय होतंय बाबा? दुखतंय का?"

"छे. तू प्रसाद वाटतेयस ना, म्हटलं मागच्यांनाही मिळू दे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "खेळायचं नसेल तर घरी जाऊ. पत्ते आहेत."

माझं डोकं सणकलं. आठवडाभर यांच्या काळजीने झोप नाही, आणि वर हे टोमणे! ठीक आहे, म्हटलं, घ्या. मी कोपऱ्यात मारायला लागले. बाबा पळायला लागले. त्यांचा चेहरा उजळला. थांबावं तर त्यांचा अपमान, मारावं तर भीती. आईकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

त्यांच्या सर्व्हिसवर ड्यूस झाला. बाबा पार मागे होते आणि माझ्या हातून सवयीने ड्रॉप शॉट गेला. बॉल नेटपलीकडे जेमतेम पडला. बाबा धावले. मी बॉल सोडून त्यांच्या छातीकडे बघत राहिले. त्यांनी तो पोचून उचलला, माझ्या शेजारून काढला आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकले.

"अॅडव्हान्टेज मी," ते धापा टाकत म्हणाले. "बॉलकडे बघत जा. माझ्याकडे बघायला ती बसलीय तिकडे."

सावकाश चालत ते सर्व्हिसला गेले. बॉल टप टप आपटला, हातात धरला, पुन्हा आपटला. वर फेकलाच नाही. खिशात घातला.

"बास. आज एवढंच."

आई ताडकन उठली. त्यांनी हातानेच तिला खाली बसवलं. "दुखत नाहीये गं. दमलो. थांबायचं म्हणाले होते ना डॉक्टर?"

अंगात ताप असतानाही अर्ध्यात न सोडणारा हा माणूस. सकाळपासून मी याच एका 'बास'साठी देव पाण्यात घालून बसले होते. मला हायसं वाटायला हवं होतं. आईला वाटलं, तिने डोळे पुसले. आणि मी मात्र नेटपाशी उभी राहून त्यांच्यावर ओरडले,

"अहो बाबा, एकच पॉइंट राहिलाय!"

बाबा रॅकेट कव्हरमध्ये घालत होते.

"तो तुझा धर," ते म्हणाले.