बंदुकांचा बसथांबा

आमच्या भागातल्या निम्म्या फाटकांवर वेल्डरबाईंचा हात फिरलेला आहे. नवरा गेल्यावर दुकान विकून मोकळ्या व्हा, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. नवऱ्याचा वेल्डिंगचा मुखवटा त्यांच्या डोक्याला सैल होत होता. त्यांनी आतून कापडाची घडी चिकटवली आणि दुसऱ्या आठवड्यात कामाला लागल्या.

त्यांच्या घरी धाकटा दीर असे. तो टपाल वाटायचा. एका दुपारी तो चौकात बसची वाट बघत उभा होता. तेवढ्यात दोन टोळ्यांची जुंपली आणि भलत्याच कुणासाठी सुटलेली गोळी त्याच्या गुडघ्यात शिरली. पाय वाचला, पण वाकेना. टपालाची फेरी कायमची सुटली. बाईंनी त्याला दुकानात एक उंच स्टूल आणि हातात कानस दिली. रडायचं तर खुशाल रड, पण हात चालू ठेव, एवढंच म्हणाल्या.

तीन वर्षांनी पोलिसांनी जाहीर केलं की हत्यारं आणून द्या, नाव विचारणार नाही. महिनाभरात ठाण्यात पिस्तुलं, बंदुका आणि सुऱ्यांचा ढीग लागला. ती पुन्हा कुणाच्या हाती पडू नयेत म्हणून कापायची होती, आणि फौजदारांना बाई आठवल्या. चार दिवस त्या ठाण्याच्या मागच्या अंगणात गॅस कटर घेऊन बसल्या. तेलकट धुराने घसा पार बसला. शेवटच्या दिवशी घोगऱ्या आवाजात त्यांनी ते तुकडेच मागितले, चौकात उभं करायला काहीतरी घडवीन म्हणाल्या. फौजदार आधी गोंधळले, मग त्यांनी वरती अर्ज धाडला. परवानगी यायला सात महिने गेले.

शांततेचं काही करायचं तर कबूतरच हवं, असं ज्याचं त्याचं म्हणणं पडलं. बाईंनी महिनाभर खपून माणसाएवढं कबूतर उभं केलं. दीर स्टुलावरून बराच वेळ बघत राहिला.

"वहिनी, कोंबडी झालीय."

बाईंना आधी राग आला, मग हसू आवरेना. दोघं पोट धरधरून हसले. मग दीर हळूच म्हणाला, "लोक एकदा बघतील आणि पुढे जातील. त्या दिवशी मला टेकायलाही जागा नव्हती. बसायला काहीतरी करा."

कबूतर मोडलं आणि बसथांब्याला सुरुवात झाली. बंदुकांच्या नळ्या बाकाच्या पाठीला लागल्या, बोथट केलेली पाती छपराच्या जाळीत गेली. प्रत्येक सांध्यावरून बाई सुती रुमाल फिरवायच्या. एक धागा जरी अडकला, तरी दीर तो सांधा पुन्हा घासायचा.

काम संपत आलं असताना एक म्हातारी दुकानाच्या दारात आली. तिच्या पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेलं पिस्तूल होतं. मुलाचं आहे, म्हणाली. तो आता तुरुंगात. मान खाली घालून पुढे म्हणाली, "त्या दिवशी चौकात तोही होता. गोळी कुणाची लागली, मला ठाऊक नाही."

दिराची कानस थांबली. बाईंनी पिस्तुलाला बोट लावलं नाही. फौजदारांना बोलावून आधी ते रिकामं करून घेतलं. कापायला घेतलं तसा दीर स्टुलावरून उतरला, लंगडत पुढे आला आणि त्याने स्टूल त्या म्हातारीकडे सरकवलं.

"बसा, मावशी. वेळ लागेल."

ती बसली आणि पदराआड रडत राहिली. पिस्तुलाचे दोन तुकडे झाले, तेव्हा बाईंनी तिलाच विचारलं, कुठे लावू. तिने बाकाच्या पायाकडे बोट दाखवलं. भार पेलेल तिथे, म्हणाली.

बसथांबा चौकात लागून चार वर्षं झाली. भांडणं काही थांबली नाहीत, बाई तसा दावाही करत नाहीत. पण शाळेची मुलं तिथे पाय हलवत बसतात, आणि गेल्या वर्षी ठाण्यात पुन्हा पोतंभर हत्यारं आपणहून आली. परवा शेजारच्या शहरातून बाईंना बोलावणं आलं. तिथल्या दवाखान्याला बाकं हवी आहेत. टेम्पोत सिलिंडर चढवून दोघं आज सकाळीच निघाले. दीर पुढच्या सीटवर पाय लांब करून बसला होता आणि ठामपणे चुकीचा रस्ता सांगत होता.