बदललेला ठसा

आमच्या ऑफिसातला संगणक फक्त यादीतलेच प्रोग्राम चालू देतो. प्रोग्रामच्या मजकुरावरून त्याचा एक ठसा काढलेला असतो, तो जुळला तरच परवानगी. आज माझ्याच जुन्या प्रोग्राममध्ये मी एक स्वल्पविराम दुरुस्त केला, तर संगणकानं त्याला अडवलं.

"अहो, नाव तेच आहे की," मी कुरकुरलो.

"तो नाव बघत नाही, ठसा बघतो," यादी सांभाळणाऱ्या तांबेबाई म्हणाल्या. मग चष्मा लावून त्यांनी प्रोग्राम पहिल्या ओळीपासून वाचला आणि नवा ठसा यादीत घातला.

मला आई आठवली. भांडी घासून तिच्या अंगठ्याच्या रेषा पुसल्यात, रेशनचं यंत्र तिला ओळखत नाही. बदललेल्याला यंत्र अडवणारच. पुन्हा नीट बघणारं माणूस तेवढं शेजारी हवं. दुकानदार शांतपणे म्हणतो, "मावशी, दुसरं बोट ठेवा."

दहांतलं एखादं जुळतंच.