नव्या खेळाडूंची सुनावणी

अमेरिकेत श्रूजबरीतल्या आमच्या घरासमोर एक आयरिश गृहस्थ राहतात. भूगोलाचे शिक्षक होते, आता वय ऐंशीच्या घरात. त्यांची आणि माझ्या नवऱ्याची ओळख बर्फ काढताना झाली. इकडे येण्याआधी आम्ही चार वर्षं आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहान गावात काढली होती, आणि तिथल्या फुटबॉल क्लबाचा मफलर नवऱ्याच्या गळ्यात होता. समोरच्या माणसाने फावडं खाली टाकलं आणि रस्ता ओलांडून येऊन विचारलं, "हा तुम्हाला कुणी दिला?" तो क्लब त्यांच्या जन्मगावचा होता.

क्लब म्हणायचा, पण मैदान एवढंसं. एका बाजूला स्टँड, दुसऱ्या बाजूला समुद्राचा वारा. खेळाडूंपैकी निम्मे दिवसा नोकऱ्या करणारे. स्टँडला रंग देतात ते गावकरीच. आम्ही तिथे असताना क्लब खालच्या विभागात होता आणि पुढेही वर्षानुवर्षं तिथेच राहिला. हे दोघे मात्र दर शुक्रवारी दुपारी, म्हणजे तिकडच्या संध्याकाळी, आमच्या बैठकीत सामना लावून बसत. हळूहळू त्यांत गृहस्थांची मुलगी आली. ती नर्स आहे, इथेच जन्मलेली. मग माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातला एक नागपूरचा इंजिनिअर आला. त्याला आधी फक्त क्रिकेट कळायचं.

मी त्या मंडळीत नव्हते. ग्रंथालयातल्या नोकरीमुळे शांततेची सवय लागलेली. शेजारच्या खोलीत पुस्तक घेऊन बसत असे. पण भिंतीपलीकडचा एक कार्यक्रम मी कधी चुकवला नाही. दर फेब्रुवारीत, हंगाम सुरू होण्याआधीच्या रविवारी, क्लबने घेतलेल्या नव्या खेळाडूंवर वाद होई. ते त्याला 'हिअरिंग' म्हणत, मी मनात सुनावणी म्हणे. एकाने खेळाडूची बाजू मांडायची, बाकीच्यांनी तिच्या चिंध्या करायच्या, शेवटी हात वर करून निकाल. माझा नवरा नेहमी नकोशा खेळाडूचा वकील होई. कुणी तरी दुखापतींनी बेजार झालेला, कुणी तीन क्लबांनी सोडून दिलेला. एरवी मवाळ बोलणारा हा माणूस तेव्हा मेज ठोकत असे. बहुतेक वेळा हरे.

गेल्या ऑगस्टमध्ये तो गेला. पानगळ सुरू झाली आणि क्लब वरच्या विभागात गेला. ही बातमी सांगायला गृहस्थ दारात आले, टोपी हातात धरून. "आपण वर गेलो," एवढंच म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर काय ठेवावं ते त्यांना कळत नव्हतं. मलाही.

त्यानंतर मंडळी त्यांच्या घरी जमू लागली आणि मीही जाऊ लागले. माझं घर फार शांत झालं होतं. शांततेची सवय असलेल्या माणसालाही झेपू नये इतकं. हंगाम नव्हता, पण क्लब नवे खेळाडू घेत होता आणि त्यांच्या बातम्या येत होत्या. इंग्लंडच्या एका क्लबाकडून काही महिन्यांसाठी उसना घेतलेला एकोणीस वर्षांचा गोलकीपर. आणि चौतीस वर्षांचा एक बचावपटू, ज्याचा आधीचा क्लब नुकताच खाली घसरला होता. मी कान टवकारून बसले. आता जुंपणार.

"चांगला मुलगा दिसतो," मुलगी म्हणाली.

"फार चांगला," गृहस्थ म्हणाले.

"आणि तो म्हातारा... म्हणजे अनुभवी?" इंजिनिअरने विचारलं.

"अनुभव हवाच."

मग चहा आला. हे असं आठवड्यामागून आठवडे चाललं. सगळे खेळाडू चांगले, क्लब नक्की टिकणार, हवासुद्धा बरी आहे. मला वाटलं, भांडणारा होता तो गेला आणि भांडणही त्याच्यामागून गेलं.

जानेवारीच्या शेवटी इंजिनिअर मला इंडियन दुकानात नेत होता. गाडीत मी सहज विचारलं, "यंदा हिअरिंग कुणाकडे?"

तो एकदम समोर बघू लागला. "काकू, ते कॅन्सल केलं ना यावर्षी."

"का?"

"काहून म्हणजे... आजोबांनी मला विचारलं होतं, तुमच्यात माणूस गेल्यावर काय पाळतात. मी सांगितलं, वर्षभर सण करत नाहीत, गोडधोड नाही. तर ते म्हणाले, मग हिअरिंग नाही. सगळ्यांना ताकीद दिली, तुमच्यासमोर कुणी आवाज चढवायचा नाही."

"अरे, पण तो काय सण आहे? भांडण आहे ते."

"यार काकू, त्यांचा तोच सण आहे ना."

ज्या आयरिश लोकांच्यात मृताच्या उशाशी बसून त्याचे किस्से सांगतात, हसतात, त्यांनी आमच्या एका रिवाजासाठी सहा महिने जिभेला कुलूप लावलं होतं. अंदाजाने नव्हे, मुद्दाम विचारून. क्लब इतक्या वर्षांनी वर आलेला, हाताशी वाद घालण्याजोगे दोन-दोन खेळाडू, आणि हा माणूस 'अनुभव हवाच' म्हणून चहा पीत होता. मला त्यांचं अपार कौतुक वाटलं आणि तितकीच भीती. वर्षभर न झालेली गोष्ट पुढच्या वर्षी होतेच असं नाही. माझ्या नवऱ्याचे फोटो माझ्याकडे होते, आवाजही फोनमध्ये होता. पण तो ज्या गोष्टीसाठी मेज ठोकत असे ती गोष्ट फक्त या तिघांकडे होती. ती मिटली असती तर माझ्या लेखी तो आणखी थोडा गेला असता.

नुसतं 'तुम्ही भांडा, माझी हरकत नाही' म्हणून चाललं नसतं. त्यावर ते आणखी हळू बोलले असते. म्हणून मी त्या बचावपटूचे जुने सामने बघायला बसले. ऑफसाइड मला तेव्हाही नीट कळत नव्हता, पण वाचायची सवय असली की माणूसही वाचता येतो. मी चेंडू सोडून त्याच्याकडेच पाहत राहिले.

हंगामाआधीच्या रविवारी आम्ही गृहस्थांच्या घरी जमलो. बिस्किटं होती, हवामानाची चर्चा होती. मी कप खाली ठेवला आणि इंग्रजीत म्हणाले, "मला त्या चौतीस वर्षांच्या खेळाडूची बाजू मांडायची आहे."

इंजिनिअर बिस्किटाकडे पाहू लागला.

"छानच," गृहस्थ म्हणाले. "त्याला बाजूची काय गरज? सगळ्यांना आवडतोच तो."

"मला नाही वाटत. तो सावकाश आहे. पण मी त्याचे सामने पाहिलेत. तो सारखा हाताने दाखवत असतो, तू इथे ये, तू मागे जा. चूक झाली की पोरं आधी त्याच्याकडे बघतात. गोलकीपर एकोणीस वर्षांचा असेल तर त्याच्यापुढे असाच माणूस हवा."

गृहस्थ खुर्चीत हलले. त्यांचा चेहरा लाल होत होता. ते स्वतःला आवरताहेत हे मला दिसत होतं, आणि ते फार काळ जमणार नाही हेही.

"उत्तम मुद्दा," ते कसंबसं म्हणाले.

"शिवाय त्याचा क्लब खाली गेला त्यात त्याचा दोष नव्हता."

हे मात्र त्यांच्याच्याने ऐकवेना. "दोष नव्हता? बाई, तो हात दाखवतो, कारण त्याचे पाय तिथे पोचत नाहीत!"

"डॅड!" मुलगी ओरडली.

"डॅड काय? शेवटच्या सामन्यात तीन गोल त्याच्या पाठीमागून गेले. ट्रॅफिक पोलीससुद्धा हात दाखवतो, त्याला घ्यायचं का संघात?"

मुलीने माझ्याकडे घाबरून पाहिलं. मला इतका आनंद झाला होता की आवाज स्थिर ठेवणं कठीण गेलं. "पाय पोचत नसतील," मी म्हणाले, "पण तो दाखवतो तिथे दुसऱ्यांचे पोचतात. आणि तीनपैकी एका गोलाच्या वेळी तो मैदानाबाहेर होता. पायाला पट्टी बांधत होते. तुम्ही नीट पाहिलेलं नाही."

"मी नीट पाहिलं नाही?" ते उभे राहिले. "मी साठ वर्षं..."

"डॅड, त्यांचं बरोबर आहे. दुसरा गोल," मुलगी म्हणाली आणि तिचीही जीभ सुटली. "पण समुद्राकडून वारा आला की उंच चेंडू डोक्यावरून जाणार, आणि हा वळेपर्यंत सामना संपलेला असेल."

"मग गोलकीपर पुढे येईल ना!" इंजिनिअर.

"तो? तो तर घरातूनसुद्धा बाहेर यायला घाबरतो!" गृहस्थ गरजले.

आता चौघेही एकदम बोलत होतो. कुणीतरी मेज ठोकलं. ते मीच ठोकलं होतं. मध्येच गृहस्थ म्हणाले, "तुमचा नवरा असता तर त्यानेही याच गाढवाला निवडलं असतं." ऑगस्टनंतर प्रथमच ते त्याच्याबद्दल हळुवार न होता बोलले होते. ते त्यांच्या लक्षातही आलं नाही, कारण ते लगेच कॉर्नर किकवर गेले.

निकाल तीन विरुद्ध एक लागला. नागपूरकरानेही हात माझ्याविरुद्ध वर केला आणि म्हणाला, "सॉरी काकू, पण स्लो आहे तो यार."

मी निघाले तेव्हा रस्त्यावर बर्फ गोठलं होतं म्हणून गृहस्थ माझ्यासोबत पलीकडे आले. कोट उघडाच, टोपी विसरलेली. मला धरायला म्हणून आले होते, पण दोन्ही हात हवेत बोलत होते. मी दारापाशी वळून म्हटलं, "मार्चमध्ये पावसाने मैदान चिखलाचं, जड असतं. तेव्हा सगळेच सावकाश होतात. तेव्हा हाच कामाचा."

ते फाटकापर्यंत गेले होते. तिथून परत आले. "मार्च," ते म्हणाले, "मार्चबद्दल तुम्ही मला सांगता?" आणि पायरीवर एक पाय ठेवून त्यांनी समजावून सांगायला सुरुवात केली.