हातकाजाचा दर

कोट शिवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे काजताई म्हणत. हाताने काजं करणाऱ्या नऊजणींत ती सगळ्यात जुनी आणि सगळ्यात झपाट्याची. बाकीच्या तासाला चार काजं करत, फार तर पाच. काजताईची सात व्हायची, तीही इतकी रेखीव की कटिंग मास्तर कोट उलटापालटा करून बघत राहायचे. एकोणिसाव्या वर्षी ती इथे धागे कापायला आली, त्याला आता बावीस वर्षं झाली होती. आपल्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही, हे ती कुणाला बोलून दाखवत नसे, पण मनातल्या मनात मिरवायची.

सरकारने देशभरासाठी किमान वेतन ठरवलं, त्या आठवड्यात मॅनेजरने दारावर कागद चिकटवला. मास्तर, इस्त्रीवाले, पहारेकरी अशा महिन्याच्या पगारावरच्यांना वाढ मिळणार होती. काजवाल्यांचा त्यात उल्लेखच नव्हता.

"आमचं काय?" काजताईने विचारलं.

"तुम्ही नगावर काम करता. जितकी काजं तितके पैसे. तुम्हाला ते लागू नाही."

"का? आमचा तास काय पन्नास मिनिटांचा असतो?"

सगळ्याजणी खो खो हसल्या. मॅनेजर कानात बोळे घातल्यासारखा निघून गेला.

काजताईने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि जावेला बरोबर घेऊन थेट कामगार कार्यालय गाठलं. जाऊ याच कारखान्याची बटणं घरी बसून लावायची. तिथल्या निरीक्षक बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"किमान वेतन सगळ्यांना आहे," त्या म्हणाल्या. "शिकाऊंना पहिले तीन महिने थोडं कमी, एवढंच. नगावरच्यांचा दर असा हवा, की साधारण हाताच्या बाईलाही तासाभरात तेवढे पैसे सुटले पाहिजेत."

"आणि मी घरी करते त्याचं?" जावेने चाचरत विचारलं.

"सुई कुठे चालते हे कायदा बघत नाही. काम तेच ना?"

दहाव्या दिवशी बाई कारखान्यात आल्या. मॅनेजरच्या तोंडात त्या दिवशी साखर होती. "या, हिचंच काम बघा! तासाला सात काजं! हिच्यासारखी कारागीर शोधून सापडायची नाही." सात काजांचे पैसे जेमतेम किमान वेतनाला पोचत होते, हे त्याने आधीच बघून ठेवलं होतं.

बावीस वर्षांत त्याने तोंडभरून केलेलं हे पहिलं कौतुक. काजताईला क्षणभर गुदगुल्या झाल्याच. तिने सुई उचलली. शेजारची बाई सुजलेली बोटं चोळत खाली मान घालून बसली होती. काजताईने सुई कापडात टोचली आणि ती उठून उभी राहिली.

"बाई, नुसता माझा हात मोजू नका. मोजायचं तर आम्हा नऊजणींचं मोजा."

मॅनेजर काही बोलणार तोच निरीक्षक बाईंनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "बसा सगळ्या."

तास संपला तेव्हा काजताईची आठ झाली होती. हळू करायचं म्हटलं तरी तिच्या हाताला ते जमलंच नसतं. तरीही नऊजणींची सरासरी पाचाच्या आतच राहिली. मॅनेजरचा चेहरा बघण्यासारखा झाला. पुढच्या महिन्यापासून काजाचा दर जवळजवळ दीडपट झाला. बटणांच्या दरासाठी आणखी दोन महिने भांडावं लागलं, पण जावेलाही तो मिळाला.

एका दुपारी समोरच्या पिशव्यांच्या कारखान्यातल्या तिघीजणी बिचकत बिचकत तिच्याकडे आल्या. त्याही नगावरच होत्या.

"आम्हाला मिळेल का हो, ताई?"

"न मिळायला काय झालं?" काजताई म्हणाली. "कामगार कार्यालयात जेवणाच्या सुट्टीआधी पोचा, तीन नंबरच्या खिडकीवर. आणि तुमच्यातली जी सगळ्यात झपाट्याची आहे ना, तिला आधी नीट समजावून न्या."