मोगरा की कडुनिंब

मोगऱ्याचा वास आला की लातूरचं आमचं नवं घर आठवतं. भूकंपात नवरा आणि दोन्ही लेकरं गेलेली आत्या तेव्हा आमच्याकडं राहायची. अंगणात एकाच झाडापुरती जागा होती. बाबांनी मोगरा आणि कडुनिंब अशी दोन्ही रोपं आणली. आत्या म्हणाली, “निंब लावू. सावलीत लेकरं खेळतील.” आई कणीक मळता मळता म्हणाली, “माझी लेकरं क्लासचा अभ्यास करायलीत. तुमची कुठं हायत खेळायला, वन्सं?” बाबा बादली भरायला नळाकडं वळले. आत्यानं हातातलं निंबाचं रोप खाली ठेवलं, स्वतःच मोगऱ्यासाठी आळं केलं आणि हात धुऊन आम्हाला जेवायला वाढलं. मोगरा फुलायच्या आधीच ती क्लासच्या पोरांच्या मेसवर पोळ्या लाटायला निघून गेली. आता मला मुलं आहेत. बाबांना बहीण होती, हे मुलांना ठाऊक नाही.