गाडीला लावलेला टीव्ही

टीव्ही बनवणाऱ्या कंपनीने मोटारीच्या भानगडीत पडावं का, असं आमच्या बॉस मॅडमनी मला विचारलं, आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी 'हो' म्हणून बसलो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, हे सांगलीत घरचे माझ्याकडे बघूनच म्हणायचे.

जयपूरच्या सीतापुऱ्यातल्या आमच्या कंपनीत टीव्ही आणि स्पीकर बनतात. एका मोटार कंपनीने विचारलं होतं, आमच्या नव्या गाडीतला पडदा तुम्ही कराल का? गाणी, नकाशा आणि रिव्हर्स घेताना मागच्या कॅमेऱ्याचं चित्र, सगळं त्याच पडद्यावर. मॅडम जयपूरच्याच, मोजकं बोलणाऱ्या. "टीवी बिगड़े तो लोग गाली देते हैं," त्या म्हणाल्या. "गाड़ी में बिगड़े तो?" त्यांनी आमचा पडदा बसवलेली एक गाडी महिनाभर माझ्या ताब्यात दिली. महिन्याच्या शेवटी त्यांना एकच शब्द लिहून हवा होता, हो किंवा नाही.

मी हवेतच होतो! काही काम नसताना टोंक रोडने चाकसूपर्यंत जाऊन यायचो. नकाशा असा सरकायचा की रस्त्यापेक्षा त्याच्याकडेच बघत राहावं. शिवाय पडद्यात माझी स्वतःची एक करामत होती. सिग्नल तुटला की टीव्ही काळा पडतो आणि लोक रिमोट आपटतात. म्हणून आमचा टीव्ही शेवटचं चित्र तसंच धरून ठेवतो आणि सिग्नल आला की पुढे सरकतो. मधले दोन-चार सेकंद कुणाला कळतही नाहीत. या युक्तीसाठी कंपनीत माझी पाठ थोपटली गेली होती. तीच मी मोठ्या हौसेने गाडीतही घातली.

एका रविवारी मी आणि बायको बाहेर निघालो होतो. मुरलीपुऱ्यातली आमची गल्ली अरुंद. तिथे कुणीही गाडी मागे घेतली की घरातलं एक माणूस मागे उभं राहतं, 'आने दो, आने दो' म्हणतं आणि थांबवायचं झालं की डिकीवर दोन थापा मारतं. बायको सवयीने मागे निघाली. मी म्हटलं, "अगं, कॅमेरा आहे, बस आत."

"कॅमेऱ्याला हात आहेत का थापा मारायला?" ती म्हणाली आणि गेलीच.

पडद्यावर गल्ली रिकामी दिसत होती. समोरची भिंत, भिंतीलगतची स्कूटर. बायको बाजूला उभी असेल असं धरून मी गाणं लावलं आणि गाडी मागे घेतली. धाड, धाड! मी ब्रेक दाबून उतरलो. ती भिंत आणि गाडीच्या मधे उभी होती, गुडघ्यापासून बंपर वीतभर लांब.

"आंधळा झालायस काय रे? कधीपासनं ओरडायलेय मी!"

मी आत पडद्याकडे बघितलं. गल्ली अजून रिकामीच होती. कॅमेऱ्याची वायर सैल झाली होती आणि पडद्याने ती मागे जाण्याआधीचं चित्र धरून ठेवलं होतं. मी शिकवलं होतं, अगदी तस्संच. मी गाडी बंद केली, बाहेर जायचं राहिलंच.

घरात येऊन मी कागदावर 'नाही' लिहिलं. तिने ते वाचलं.

"चूक कुणाची? पडद्याची का तुझी?"

"माझी."

"मग ती दुरुस्त कर की. हे काय लिहून बसलायस?"

आणि माझ्या अंगात पुन्हा वारं शिरलं. सोमवारपासून मी गिऱ्हाईक चिडू नये म्हणून घातलेली एकेक युक्ती शोधून काढून टाकली. कॅमेऱ्याचा सिग्नल तुटला की पडदा तत्क्षणी काळा व्हायचा आणि कर्कश आवाज काढायचा. सहकारी वैतागले. काळा पडदा विकायला निघालाय, म्हणाले. म्हणू देत. टीव्हीत बघणाऱ्याचा मूड सांभाळायचा असतो, गाडीत मागे उभं असलेलं माणूस सांभाळायचं असतं, हे मला आता कुणी शिकवायची गरज नव्हती.

शेवटच्या दिवशी कंपनीच्या आवारात चाचणी झाली. आमचे ड्रायव्हर भाईसा चालवायला बसले, फक्त पडद्याकडेच बघायचं असं त्यांना बजावलं होतं. शेजारी मॅडम, हातात कॅमेऱ्याची वायर, वाटेल तेव्हा खेचायला. मागे मी.

"गत्ता खड़ा कर देते हैं," मॅडम म्हणाल्या. माझ्याऐवजी पुठ्ठा.

"नहीं मॅडम, मैं ही ठीक हूँ."

गाडी हळूहळू मागे येऊ लागली. डिकीवर थापा मारायला तळहात नुसते शिवशिवत होते, म्हणून मी दोन्ही हात खिशात कोंबले. अजून जवळ आली. मग आतून तो कर्कश आवाज आला आणि गाडी जागच्या जागी थांबली. भाईसांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "साहब, स्क्रीन तो काली हो गई! खराब है!"

"भाईसा, यही तो चाहिए था!" मी ओरडलो आणि तिथेच उड्या मारायला लागलो. मॅडमनी वायर माझ्या हातात ठेवली आणि कागद पुढे केला. मी 'हो' लिहिलं.

संध्याकाळी बायकोला सगळं रंगवून सांगितलं. ती हसली नाही.

"तुझ्यात आणि गाडीत किती जागा होती?"

मी हाताने वीतभर दाखवली. ती उठली, माझ्या मागे आली आणि पाठीवर जोरात दोन थापा मारल्या, डिकीवर मारतात तशा.

"बास," ती म्हणाली. "आता इथंच थांबायचं." तिचा हात बराच वेळ माझ्या पाठीवर होता.